वारंगा फाटा : कापसाच्या गाठीमागचा मुलूख

(गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



महाराष्ट्राच्या एखाद्या मुलखाची माहिती सांगा, असे सभेच्या चालकांनी मला सांगितले. कोकणाबद्दल सांगणारे इथे पुष्कळ आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची मंडळीही समोर बसलेली दिसतात. म्हणून मी ठरवले की, ज्या ठिकाणाचे नाव या मंडपातल्या निम्म्या माणसांनी ऐकलेले नाही, त्याच ठिकाणाबद्दल बोलायचे. ते ठिकाण म्हणजे वारंगा फाटा. तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. किती जणांनी ऐकलंय? हात वर करा बघू. बरं. चार हात. पाच. त्यातले दोन माझ्या घरचे आहेत!

हसा, हसायला हरकत नाही. पण यातली एक गोष्ट हसण्यासारखी नाही, ती आधी सांगतो.

मी १९७३ साली मुंबईला आलो. अठरा वर्षांचा होतो. १९७२ चा दुष्काळ पडलेला. बाप आणि माय खडी फोडायच्या कामावर, घरात लाल मिलोच्या भाकरी. नांदेडला छोट्या रुळाच्या गाडीत बसलो, मनमाडला गाडी बदलली आणि गिरणगावात उतरलो. एका गिरणीत बदली कामगार म्हणून नाव लागले. कारकुनाने विचारले, "गाव कुठलं?" मी म्हणालो, "वारंग्याजवळचं." "ते कुठं आलं?" "हिंगोलीकडं. तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी." कारकून म्हणाला, "म्हणजे निजामाकडचा!" आणि माझ्या नावापुढे 'हैदराबाद' असे लिहून मोकळा झाला.

निजामाचे राज्य जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. मराठवाडा आपल्या मराठी माणसांत येऊन सतरा वर्षे झाली होती. ज्या राज्यासाठी याच गिरणगावाने रक्त सांडले, त्या राज्याचा एक पोरगा कामावर आला, तर त्याला परराज्यातला ठरवला. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याला ठाऊक नव्हते, एवढेच. पण न ठाऊक असण्याचीही किंमत असते आणि ती दुसऱ्याला मोजावी लागते. मी ती कशी मोजली ते शेवटी सांगेन. आधी तो मुलूख बघू.

फाटा कुठे आहे?

नांदेडहून हिंगोलीच्या रस्त्याला लागा. अर्धापूर लागते. दोन्ही अंगांना केळीच्या बागा दिसतात. अर्धापूरच्या पुढे काही मैलांवर रस्ता दोन वाटांनी जातो, तोच वारंगा फाटा. डावी वाट आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली, वाशीम करीत अकोल्याला जाते. उजवी वाट हदगाव, उमरखेड, महागाव, यवतमाळ करीत वर्धा-नागपूर गाठते. मागे नांदेडवरून एक रस्ता लातूर-तुळजापूरला आणि दुसरा देगलूरवरून तेलंगणात उतरतो. सरकारी कागदात अकोल्याच्या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग १६१ म्हणतात, नागपूर-तुळजापूरच्या रस्त्याला ३६१.

म्हणजे काय झाले? वऱ्हाडचा माणूस, नागपूरचा माणूस, मराठवाड्याचा माणूस आणि तेलंगणातून येणारा ट्रकवाला असे चौघे ज्या एका ठिकाणी चहाला थांबतात, ते हे ठिकाण. फाट्यावर उभे राहा आणि नुसते कान उघडे ठेवा. एकजण म्हणतो, "काय करायलास बा?" तो आमच्याकडचा. दुसरा म्हणतो, "काय करून राह्यला रे भाऊ?" तो पैनगंगेच्या पलीकडचा. दोघांची मराठी निराळी, पण दुभाष्या लागत नाही. एकाच पातेल्यातली खिचडी दोघे खातात आणि आपापल्या एस. टी. त बसून जातात.

माती आणि पाणी

हिंगोली जिल्हा लहान आहे. परभणी जिल्ह्यातून वेगळा होऊन तो १ मे १९९९ रोजी झाला. तालुके पाच : हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत. २०११ च्या शिरगणतीत लोकवस्ती ११,७७,३४५ भरली. उत्तरेला वाशीम आणि यवतमाळ, पश्चिमेला परभणी, आग्नेयेला नांदेड.

अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडचे टोक आमच्याकडे येते, त्यालाच हिंगोलीचे डोंगर म्हणतात. डोंगर म्हणजे सह्याद्रीसारखे उभे कडे डोळ्यांपुढे आणू नका. बुटके माळ, खडक, सागाची विरळ झाडी आणि मध्येमध्ये काळ्या मातीची खोरी. खोऱ्यात जमीन भारी, माळावर हलकी. ज्याच्या वाट्याला खोरे आले तो बागायतदार आणि ज्याच्या वाट्याला माळ आला त्याचे पोर शहरात कामगार, असा तिथला हिशेब आहे. मी माळावरचा!

नद्या तीन लक्षात ठेवा. उत्तरेच्या शिवेवरून पैनगंगा वाहते. मधून कयाधू जाते. ती वाशीमकडून येते, नर्सी आणि हिंगोलीजवळून वाहते आणि पुढे पैनगंगेला मिळते. दक्षिणेच्या अंगाने पूर्णा जाते, ती गोदावरीची लेक. पूर्णेवर येलदरीला मोठे धरण झाले आणि त्याच्या खाली औंढा तालुक्यात सिद्धेश्वरचे. त्या पाण्याने वसमतचा भाग हिरवा केला. पैनगंगेवर इसापूरला धरण झाले. त्याची एक बाजू कळमनुरी तालुक्याला, दुसरी यवतमाळच्या पुसद तालुक्याला. उजव्या कालव्याचे पाणी हदगाव-अर्धापूर-नांदेडकडे जाते आणि डाव्याचे उमरखेडकडे. एक धरण, दोन काठ, दोन्हीकडे मराठी शेतकरी. हे इसापूर ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पगाराच्या थकबाकीतून निघालेली रेघ

आता इतिहास. राजांची नावे पाठ करायची नाहीत. एक रेघ कशी पडली आणि कशी पुसली, एवढेच बघायचे.

पैनगंगेचे दोन्ही काठ पूर्वी एकच होते. अकबराच्या वेळच्या वऱ्हाड सुभ्यात पाथरीचे सरकार होते आणि ते गोदावरीपर्यंत पोचत होते. म्हणजे वऱ्हाड वेगळे आणि मराठवाडा वेगळा, हा भेद देवाने काही घालून दिला नव्हता. पुढे निजामाचे राज्य आले, तेव्हाही दोन्ही काठ त्याच्याच हाताखाली होते.

मग इंग्रज आला. त्याने निजामाच्या खर्चाने एक फौज उभी केली. तिचे नाव हैदराबाद कंटिन्जंट. तिच्या छावण्या औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर अशा ठिकाणी होत्या आणि त्यातलीच एक मोठी छावणी हिंगोलीला होती. आजही हिंगोलीत पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे ऐकू येतात, ती त्या छावणीची खूण. फौज निजामाच्या पैशाने पोसायची आणि तिच्यावर हुकूम इंग्रजाचा! ही फौज कोणाविरुद्ध वापरली? हदगावकडच्या नौसाजी नाईक हटकराने बंड केले, तेव्हा १८१९ साली त्याच्या गढीला याच निजामी फौजांनी वेढा घातला. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ते नाव अजून आहे.

कामगार बंधूंनो, फौजेचा पगार थकला. थकबाकी वाढत गेली आणि त्या वसुलीसाठी इंग्रजाने १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. १९०२ साली तर ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. कापूस पिकवणारे वऱ्हाड इंग्रजाकडे आणि पैनगंगेच्या अलीकडचा मराठवाडा निजामाकडे. आपल्यात थकबाकीपायी माणसाची भांडी विकतात. तिथे थकबाकीपायी एका भाषेची माणसे मधोमध कापली. ना हदगावच्या शेतकऱ्याला विचारले, ना उमरखेडच्या.

त्या रेघेवर नाके बसले. निजामाच्या जकातीला करोडगिरी म्हणत. नाणे वेगळे : इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळायचे. आमचा आजा उमरखेडच्या बाजाराला जायचा. गिरणीचे कापड तिकडे बरे मिळे. परत येताना नाक्यावर कापडाची जकात भरावी लागे. म्हणून आजा काय करायचा? नवे लुगडे आणि नवे धोतर डोक्याला गुंडाळून घ्यायचा. एवढे मोठे मुंडासे! नाकेदार विचारायचा, "पाटील, मुंडासं लई जड झालं?" आजा म्हणायचा, "ऊन लई आहे, साहेब."

हा किस्सा आजा हसत हसत सांगायचा. मी मोठा झाल्यावर मला त्यातले हसू दिसेना. मुंबईच्या गिरणीत मराठी हातांनी विणलेले कापड, ते मराठी माणसाने मराठी बाजारात विकत घेतले, मराठी नदी ओलांडून मराठी गावी न्यायचे आणि चोरासारखे डोक्याला गुंडाळून न्यायचे! याला राज्य म्हणायचे?

जिभेवरचा नाका

एक नाका नदीवर होता आणि दुसरा जिभेवर.

हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास होते, मराठी बोलणारे चौथ्या हिश्श्याच्या आसपास, शिवाय कानडी लोक. पण दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघाले, त्यातले शिक्षणही उर्दूतून. माझे उर्दूशी भांडण नाही. ती गोड भाषा आहे, आमच्या बोलीत तिचे शेकडो शब्द आहेत. जमिनीच्या नुकसानभरपाईला आम्ही आजही 'मावेजा'च म्हणतो. भांडण आहे ते सक्तीशी. ज्याला आपल्या शेताचा फेरफार वाचता येत नाही, तो फेरफार करणाऱ्याच्या हातात जातो. अर्ज लिहिणाराला पैसे, वाचणाराला पैसे, शिक्का मारणाराला पैसे. कुळाने अंगठा उठवायचा आणि अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे ते वतनदाराला विचारायचे. भाषेचा प्रश्न हा पंडितांचा नाही, तो पोटाचा आहे, हे आम्ही असे शिकलो.

१९३८ साली उस्मानियाच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटले, म्हणून त्यांची नावे काढून टाकली. त्यांना आसरा कोणी दिला? नागपूर विद्यापीठाने. पैनगंगेच्या पलीकडच्या भावाने. हे उपकार विसरायचे नाहीत.

तेरा महिने उशिरा आलेले स्वातंत्र्य

१५ ऑगस्ट १९४७ ला मुंबईत दिवाळी झाली. आमच्याकडे झेंडा लावणाऱ्याला तुरुंग. निजामाने हिंदुस्थानात सामील व्हायचे नाकारले आणि कासीम रझवीचे रझाकार गावोगाव फिरू लागले. स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढारीपणाखाली स्टेट काँग्रेसने लढा पुकारला. संस्थानाच्या सीमेबाहेर ठिकठिकाणी कॅम्प उघडले. आमच्या भागाचा आधार होता उमरखेडचा कॅम्प. रात्री नदी ओलांडून यायचे, नाका जाळायचा, पहाटेपूर्वी परत जायचे. ज्या नदीने आम्हांला तोडले होते, तीच लढणाऱ्यांची पाठराखीण झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लढणाऱ्यांनी ताब्यात घेतली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. वसमतकडच्या बहिर्जी शिंद्यांसारखे तरुण या लढ्यात कामी आले. वसमतच्या कॉलेजाला त्यांचेच नाव आहे.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. मुंबईपेक्षा तेरा महिने उशिरा आमच्या घरावर झेंडा चढला.

यात एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही लढाई राजाच्या जुलमाशी होती, शेजारच्या मुसलमान विणकराशी नव्हती. कळमनुरीला नुरी शहीदांचा दर्गा आहे, तिथे सगळ्या जातींची माणसे जातात. त्या वर्षांत दोन्ही बाजूंच्या गरिबांनी फार सोसले. जो कोणी आज त्या आठवणींवर भाकरी भाजायला येईल, त्याला कामगाराने जवळ उभे करू नये.

अहवालातली रेघ

आता तुमचा-आमचा संबंध येतो.

निजाम गेला, पण हैदराबाद राज्य राहिले. पैनगंगेवरची रेघही राहिली. फक्त आता एका बाजूला हैदराबाद राज्य आणि दुसऱ्या बाजूला जुना मध्यप्रदेश, एवढाच फरक. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. त्याने काय सांगितले? मराठवाडा गुजरातसकट मुंबईच्या द्वैभाषिकात घाला आणि विदर्भाचे राज्य वेगळे करा. नकाशा डोळ्यांपुढे आणा. उमरखेड एका राज्यात, वारंगा दुसऱ्या राज्यात. १८५३ साली इंग्रजाने पगाराच्या थकबाकीसाठी मारलेली रेघ स्वतंत्र हिंदुस्थानच्या आयोगाने पुन्हा गिरवली!

त्याच्या विरुद्ध मुंबईत कोण उठले, ते मी तुम्हांला सांगायला नको. २१ नोव्हेंबर १९५५ ला गिरण्यांचे भोंगे वाजले, पण पाळी भरली नाही. मोर्चा फ्लोरा फाउंटनला गेला, गोळीबार झाला, पंधरा माणसे एका दिवशी पडली. पुढे जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा गोळीबार. सहा फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गवाणकर यांनी डफावर थाप मारली. एकशे सहा हुतात्म्यांत गिरणी कामगार किती होते, ते त्या चाळींना विचारा.

ती माणसे मुंबईसाठी पडली, असे सगळे म्हणतात. खरेच आहे. पण माझे म्हणणे असे की, ती वारंगा फाट्यासाठीही पडली. त्यांना हे नाव ठाऊक नव्हते, तरी पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले आणि १०३ वर्षांनी पैनगंगेवरची ती रेघ पुसली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. माझा बाप तेव्हा उमरखेडच्या बाजाराला गेला, डोक्यावर साधी टोपी आणि कापड उघड्या पिशवीत.

रेघ पुसल्याने काय झाले, हे बघायचे असेल तर इसापूरचे धरण बघा. दोन्ही काठ एका राज्यात, म्हणून दोन्ही काठांना कालवे निघाले. हीच पैनगंगा खाली गेली की आज तेलंगणाची शीव होते. तिथल्या चनाखा-कोरटा बंधाऱ्यासाठी दोन राज्यांना करार करावा लागला, तो २०१६ साली झाला. भाषावार राज्य कशाला, असे विचारणाऱ्याला हे दोन बंधारे दाखवा.

माणसे कशी आहेत?

मुलूख म्हणजे नुसती तारीख नव्हे, माणसे आहेत. आमच्याकडे मराठा, हटकर, धनगर, बौद्ध, मुसलमान आहेत, डोंगराच्या कडेला आंध आदिवासींची गावे आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. शिरड शहापूरला जैनांचे मल्लिनाथाचे मंदिर आहे. औंढ्याला नागनाथाचे मोठे हेमाडपंती देऊळ, यादवांच्या काळचे, आमच्याकडे ते बारा ज्योतिर्लिंगांपैकी मानतात. त्याच्या भिंतीवरची कोरीव माणसे बघितली की वाटते, दगड फोडणारा हा पण कामगारच होता.

आणि कयाधूच्या काठी नर्सी. परंपरेने संत नामदेवांचे गाव. नामदेव कोण? शिंपी. आपल्याच धंद्यातला, कापडावर पोट असलेला माणूस! देवळातल्या लोकांनी त्यांना मागे हाकलले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी औंढ्याची कथा आहे. देऊळ फिरले की नाही, यावर वाद घालू नका. ज्याला मागे लोटले त्याच्याकडे देवाने तोंड केले, हे लोकांनी सातशे वर्षे जपून ठेवले, ते महत्त्वाचे. हा शिंपी पायी पंजाबात गेला. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. पंजाबातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे आणि तिथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी माणूस कूपमंडूक आहे, असे म्हणणाऱ्याला नर्सीचा रस्ता दाखवावा.

आमच्या माणसाचा दोषही सांगतो. तो सोशिक आहे, नको इतका. मागत नाही. फाट्यावर एस. टी. तीन तास आली नाही तर रुमाल टाकून बसतो आणि म्हणतो, "येईल की." त्याच स्वभावाचा फायदा सरकारांनी घेतला.

वचन आणि वसुली

२८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात लिहिले की, पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटू आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष देऊ. मराठवाड्याने स्वतःसाठी वेगळी अट न घालता महाराष्ट्रात यायचे ठरवले. भावाच्या घरी जाताना कोणी स्टॅम्पपेपर नेत नाही!

मग काय झाले? काही चांगले झाले, ते नाकारणार नाही. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे. येलदरी झाले, इसापूर झाले. मोठा रूळ हिंगोलीला आला. २०२४ साली मुंबई-जालना जनशताब्दी गाडी हिंगोलीपर्यंत वाढवली, म्हणजे मनमाडला गाडी बदलणारा पोरगा म्हातारा झाल्यावर सरळ गाडी मिळाली. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. औंढ्याजवळ लायगो-इंडिया नावाची प्रयोगशाळा मंजूर झाली आहे. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांतून आकाशातले मोठे तारे आदळल्याची थरथर मोजायची. केंद्र सरकारने २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

आकाशातली थरथर मोजणार, आनंद आहे. पण जमिनीवरच्या माणसाची थरथर कोण मोजणार? १९८४ साली दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला. एकूण ३,१८६ कोटी रुपयांचा आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटींचा. अनुशेष म्हणजे काय? आपल्या भाषेत थकबाकी. घटनेच्या ३७१ (२) कलमात विकास मंडळांची सोय १९५६ सालीच झाली होती. ती मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ साल उजाडले. २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली. पुन्हा स्थापण्याचा ठराव राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये केला. पगार थकला म्हणून इंग्रजाने अख्खे वऱ्हाड उचलले. आमची थकबाकी मात्र तारखेवर तारीख घेत राहिली.

विदर्भातला माणूस वेगळे राज्य मागतो, तेव्हा त्याला शिव्या देऊ नका. त्याचीही थकबाकी आहे. त्याला सांगा, रेघ मारून हिशेब फिटत नाही. आपण दोघे मिळून खातेवही मागू.

एक गाठ

शेवटी कापसाकडे येतो. मी गाठी फोडायच्या खात्यात होतो. एक गाठ १७० किलोची. एक क्विंटल कपाशी पिंजली की साधारण ३४-३५ किलो रुई निघते. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कपाशी. आमच्या माळावर पाऊस बरा झाला तर एका माणसाची सगळी एकरभर जमीन, त्याच्या बायकोची वेचणी आणि पोरांच्या बुडालेल्या शाळेचे दिवस, हे सगळे त्या एका गाठीत दाबून पट्ट्या मारलेले असते. ती पट्टी मी रोज तोडायचो आणि रुई उडाली की खोकायचो. मला वास यायचा तो माझ्या रानाचा.

नांदेडला उस्मानशाही मिल होती. कापूस तिथेच, कामगार तिथेच, कापडही तिथेच. पुढे ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. इकडे १८ जानेवारी १९८२ ला आपला संप झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि गिरण्या उठल्या. तिकडे माळावर कापसाच्या जागी सोयाबीन आले. कापूस पिकवणारा आणि सूत कातणारा, दोघांचाही हिशेब तिसऱ्याच माणसाने बंद केला. तेव्हा कोण कोकणचा आणि कोण मराठवाड्याचा, हे त्याने विचारले नाही.

आता माझी राहिलेली गोष्ट. गिरणी बंद झाल्यावर पुष्कळ वर्षांनी घराच्या अर्जासाठी कागद घेऊन मी एका कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने जुना उतारा बघितला आणि म्हणाला, "तुम्ही तर परराज्यातले. इथे हैदराबाद लिहिलंय." मी म्हणालो, "साहेब, मी महाराष्ट्रातच जन्मलो." तो म्हणाला, "पुरावा आणा." सहा महिने मी हिंगोली, कळमनुरी, मुंबई अशा चकरा मारल्या. साठीच्या माणसाने स्वतः मराठी असल्याचा पुरावा गोळा केला. आजाने कापड डोक्याला गुंडाळून नाका चुकवला, मला कागदाचा नाका चुकवता आला नाही.

म्हणून तीन गोष्टी मागतो. तुमच्या चाळीत, तुमच्या मंडळात वारंग्याकडचा, उमरखेडचा, कुठलाही पोरगा आला तर "ते कुठं आलं?" असे विचारून थांबू नका. त्याच्याकडून ऐका आणि आपल्या मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवा. दुसरे, मुंबई विरुद्ध मराठवाडा, मराठवाडा विरुद्ध विदर्भ अशी कुस्ती लावणाऱ्याच्या आखाड्यात उतरू नका. आणि तिसरे, आपल्या घरांची मागणी करताना आमच्या पाण्याची मागणीही त्याच अर्जात लिहा. आमचे शेतकरी आपल्या अर्जात तुमच्या घरांची मागणी लिहितील. तेवढे मी त्यांच्याकडून करवून घेतो.

फाट्यावर उभा असलेला माणूस गाडीची वाट बघतो आहे. तो म्हणेल, "येईल की." तुम्ही म्हणा, "आणल्याशिवाय राहत नाही!"

जय महाराष्ट्र! कामगार एकजुटीचा विजय असो!